सपाट रेघ

शाळेतून आलेला डबा ओट्यावर ठेवताना ठप्प आवाज झाला आणि दुपारची शांतता मोडली. रिकामा डबा असा वाजत नाही. हेमांगीने झाकण उघडलं. पोळी, भेंडीची भाजी, गुळाची वडी, सगळं जसंच्या तसं होतं.

तिने भिंतीकडे पाहिलं. घरातल्या प्रत्येकाच्या दंडावर एक टिकली होती. ती रक्तातली साखर मोजायची आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिची रेघ उमटायची. जेवण झालं की हेमांगीची रेघ डोंगरासारखी चढायची. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा वर्षांच्या रेणूची दुपारची रेघ मात्र महिनाभर सपाट होती. "आईपेक्षा लेक शहाणी," असं सासूबाई म्हणायच्या, आणि हेमांगीला उलट अभिमानच वाटायचा.

जेवल्यावर रेघ थोडी तरी चढतेच, धडधाकट माणसाचीही. हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"रेणू, तुझा डबा रोज कोण खातं गं?"

"फाटकाजवळचा काळू कुत्रा. आज तो आलाच नाही."

"आणि तू?"

"मी पाणी पिते. पोटात दुखतं थोडंसं, मग थांबतं."

हेमांगीने तिला मांडीवर ओढून घेतलं. तो एवढासा दंड तिच्या चिमटीत मावत होता. तिला रडू आवरेना.

रेणूने भिंतीवरच्या आपल्या रेघेकडे बोट दाखवलं.

"रेघ वर गेली की तू रडतेस ना, आई? माझी तर सरळ आहे. मग आता का रडतेस?"