अधू पायांचे जोडे

हात थरथरायला लागले, तसं अधू पायांसाठी जोडे शिवणाऱ्या बाबांनी दुकान बंद करायला घेतलं. लेक आवराआवरीला आली होती. तेवढ्यात नेहमीच्या एक आजी लंगडत आल्या. लेकीने त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन अंगठ्याने चाचपलं.

"इथे दुखतंय ना?"

"अगदी तिथेच! आता तूच शिव गं बाई."

"दुखरी जागा तेवढी सापडते, आजी. शिवायला कुठे शिकले?"

बाबांनी मान खाली घातली. मला शिकवा म्हणून ती हटून बसली होती, तेव्हा टीव्हीवर रोज सांगत होते, ही कामं आता एआयच करणार. म्हणून बाबांनीच तिला दटावून ऑफिसात धाडलं होतं.

"मशीन येणार म्हणून तुझी जागा रिकामी करून ठेवली, पोरी," ते म्हणाले. "ते काही आलंच नाही."