कालवलेली माती

शेततळ्यासाठी पोकलेनने उभा काप घेतला आणि जमिनीचे थर उघडे पडले. वर काळी माती, खाली पिवळा मुरूम, त्याखाली खडक. एका जागी मात्र काळी माती आणि मुरूम एकमेकांत कालवलेले होते. हातभर रुंदीचा पट्टा.

शेवंताने हात वर करून मशीन थांबवलं. "हितं कुणी खड्डा घेतला व्हता?"

नवरा कापाच्या काठाशी आला. "मीच. आपली पोर. खुणेची बाभळ वठली न् जागाच हरवली गं. तुला सांगितलं, ओढ्याकाठी पुरली. तू रोज हितं खुरपायला यायचीस, तुला सोसलं नसतं."

त्या पहिल्या बाळंतपणात ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा पुरुषमंडळी हातपाय धुऊन परतलीही होती.

ती खड्ड्यात उतरली. पट्ट्यावर आडवा हात ठेवला. कोपरापासून बोटांपर्यंत बरोब्बर बसला.

"एवढी व्हती? केस व्हते का तिला? तुम्ही तरी बघितली ना? कुणावर गेली व्हती?"

"सुईणीनं फडक्यात गुंडाळून दिली," तो म्हणाला. "उघडून बघायचा धीर मलाबी झाला न्हाई."