भगतानं दिलेली तलवार

रूपसिंगनं झोपडीचं दार पायानं ढकललं. आत गुलाबसिंग बाजेवर बसून दोरखंड वळत होता. म्हातारा दचकला नाही, उठलाही नाही.

"थेट बापावर गेलास," तो म्हणाला. "बस. दमून आला असशील."

दमला होताच बापडा! सेनगावच्या डोंगरापासून वारंग्यापर्यंत त्यानं एकेक तांडा पालथा घातला होता. निजामाच्या मुलखात या माणसाचा पत्ता कुणी म्हणून सांगेना.

कमरेला तलवार होती. देवीच्या भगतानं मंतरून दिलेली. "तुझं घर ज्याच्या हातानं गेलं, त्यालाच ही कापंल. दुसऱ्या कुणाला न्हाई. बैरी समोर येईस्तोवर म्यानातून काढू नको," असं बजावून भगतानं ती आपल्याच मनगटावर ओढून दाखवली होती. ओरखडासुद्धा उठला नव्हता.

"माय, बा, धाकली बहीण... दिवाळीला जाळलंस तू समद्यांना," रूपसिंग म्हणाला. त्याचा आवाजही थकला होता. "चराईवरून बाशी भांडलास, अन् आग लागताच तांडा सोडून पळालास. काहून?"

"थांबलो असतो तर लोकांनी जित्ता ठेवला असता व्हय?" म्हातारा म्हणाला. "तुला काय आठवतं रं त्या दिवशीचं?"

"समदं. मायनं गुरं ओवाळायला दिवा दिला. माझा हात पुरंना, तरी एकेकाला ओवाळलं. लंगडा बैल अंधाराला भ्यायचा, म्हून दिवा त्याच्या कडब्यापाशीच ठेवला अन् पोरांसंगं तांड्यात हिंडाया गेलो. परत आलो तर गोठा न्हाई, घर न्हाई."

म्हाताऱ्यानं हातातला दोरखंड बाजूला ठेवला.

"बराबर हाय तुझं," तो म्हणाला. "मीच जाळलं. मार मला अन् घरला जा. लगीन कर, सुखानं राहा."

रूपसिंगनं तलवार उपसली, डोळे मिटले आणि मानेवर घाव घातला. डोळे उघडले तर म्हातारा तसाच बसलेला. मानेची कातडी शाबूत!

रूपसिंग मटकन खाली बसला. इतकी वर्षं, इतकी पायपीट, सगळी मातीत गेली. त्याला रडू कोसळलं. "भगतानं फसवलं मला! हिला धारच न्हाई!"

"लेकरा, हात नको लावू तिला! इकडं दे!" म्हातारा बाजेवरून झेपावला.

तोवर रूपसिंगनं पात्यावरून अंगठा ओढला होता. तो हाडापर्यंत चिरला गेला.