झटपट गोधडी

"कच्चे टाके घालत बसू नका काकी, पिना लावा," रुबिना म्हणाली. "आणि कडेला गोटाची पट्टीपण नको. खालचं कापड वर दुमडायचं नि मशीन मारायची. जेवायच्या आत गोधडी तयार."

शेजारची रुबिना मालगुंडात शिवणकाम करायची. सुट्टीत गणपतीपुळ्याला येणाऱ्या पर्यटकांमध्ये तिच्या असल्या झटपट गोधड्या हातोहात खपत. वर एक कापड, खाली एक कापड, मधे तयार फायबरची शीट, आडव्याउभ्या रेघा मारल्या की झालं. आज ती आपली मशीन उचलून सावित्रीच्या पडवीत आली होती, कारण सावित्रीचा जावई दुपारी दापोलीहून यायचा होता आणि गोधडीचं अजून नुसतं कापडच होतं. ते सावित्रीने श्रावणातच आणून ठेवलेलं. हाताने शिवायचं म्हणून रोज सुई घेऊन बसायची, पण चार टाके घातले की हात तिथेच राहायचा आणि संध्याकाळ व्हायची.

बाळंतपणाला माहेरी आलेली तिची मृणाली आषाढात तापाने गेली. पोर तेव्हा महिन्याचीसुद्धा नव्हती. तेव्हापासून आजीच्याच कुशीत वाढलेली ती पोर आज बापाबरोबर जाणार होती. सावित्रीला काय वाटत होतं म्हणाल, तर काहीच वाटत नव्हतं. मुलगी गेली तरी रडली नाही म्हणून वाडीतल्या बायकांनी नावं ठेवून झाली होती, तीही तिच्या कानांवर आली आणि गेली. यंदा घरात सण नव्हता. शेजारपाजारच्यांनी आणून दिलेला फराळ डब्यांत तसाच मऊ पडत होता.

रुबिना दोरा ओवायला वाकली, तशी सावित्री आत गेली आणि दोन सुती गाऊन घेऊन बाहेर आली. मृणालीचे, बाळंतपणातले, पुढे चेन असलेले. आषाढापासून ते कपाटात होते, न धुता. तिने कात्रीने दोन्ही चेन काढून टाकल्या, पोरीला टोचायला नकोत म्हणून. मग फायबरची शीट गुंडाळून बाजूला ठेवली आणि त्या जागी गाऊन पसरले.

रुबिनाने ते बघितलं. "विहीणबाई नको म्हणाल्या होत्या ना, काकी?"

म्हणाल्या होत्या. तेराव्याला, चार माणसांत. गेलेल्या बाईचं कापड पोरीच्या अंगाला लागता नये, आईचा जीव लेकराला ओढून घेतो, असं. परवा फोनवरही बजावलं, गोधडी द्यायची तर कोऱ्या कापडाची द्या, नाहीतर मी आल्या पावली परत करीन.

"या तुझ्या गोधड्यांत फायबर असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे," सावित्री म्हणाली. "आत कोण उकलून बघतंय."

"आणि बघितलं तर?"

"मग पोरीकडे आईचं काहीच राहायचं नाय. बस, इतकंच."

ती हे अशा आवाजात म्हणाली, जसं कोणी दूध संपलंय म्हणतं. रुबिनाने मशीनची बारीक सुई काढून जाड सुई लावली. "मधे शिवणी आल्यात, हाताला लागतील," एवढं म्हणाली. "घट्ट धरा, सरकतंय ते."

जेवायच्या आधीच गोधडी झाली. शिवताना तरी आत काहीतरी हलेल असं सावित्रीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिने उरलेल्या पिना डबीत भरल्या आणि पडवी झाडून घेतली.

ऊन उतरता उतरता जावई गौरव आणि त्याची आई गाडी घेऊन आले. सगुणाबाई कडक. चहा पिता पिताच त्यांनी पोरीची पिशवी पुढ्यात ओढली आणि एकेक झबलं, दुपटं उलटसुलट करून बघितलं.

"गौरव, घरी गेल्यागेल्या हे सगळं धुवायला टाकायचं हां. गरम पाण्यात."

गौरवने मान हलवली. पोर त्याच्या खांद्यावर झोपली होती. ओळख नसलेल्या खांद्यावर ती इतकी शांत झोपली, हे सावित्रीने बघितलं आणि गोधडी आणून पिशवीवर ठेवली.

"कोरी ना?" सगुणाबाईंनी विचारलं.

"वरखाली दोन्ही कापडं कोरी आहेत."

तेवढं खरं होतं. सगुणाबाईंनी गोधडी उचलली आणि हातात तोलून पाहिली. "जड लागत्ये," त्या म्हणाल्या. मग त्यांची बोटं एका जागी थांबली. आत कापडाला चुण्या होत्या. बोटं त्या चुण्यांवरून सरकत गेली, गाऊनच्या एका बाहीपर्यंत पोचली आणि परत फिरली. पायरीवर बसलेली रुबिना उगाच मशीनचं झाकण लावायला लागली.

सगुणाबाईंनी गोधडी तोंडाजवळ नेली. दुकानात बायका नव्या कापडाचा वास घेतात, तशी. पण त्या लगेच बाजूला झाल्या नाहीत.

"काय झालं, आई?" गौरवने विचारलं.

आता काय व्हायचं ते सावित्रीला ठाऊक होतं. तिला रागही आला नाही. गोधडी परत घ्यायला तिने नुसता हात पुढे केला.

सगुणाबाईंनी ती दिली नाही. त्या उठल्या, गौरवच्या खांद्यावरच्या पोरीभोवती त्यांनी ती गुंडाळली, मानेखाली नीट खोचली, आणि सावित्रीकडे न बघता लेकाला म्हणाल्या, "ही तेवढी धुवायला टाकू नको. मळली तरी असू दे."