खलबत्त्याचं बोलावणं

वाळवंटातल्या आमच्या दिरिया गावात कुणी कॉफी कुटायला घेतली की खलबत्त्याचा नाद मातीच्या भिंतींतून गल्लीभर जातो, आणि ज्याला ऐकू येईल त्याने खुशाल प्यायला यावं अशी आमच्याकडची रीत आहे. म्हणून तर त्या दुपारी मुतलकने बापाच्या पितळी खलबत्त्याला मेंढीचं कातडं गुंडाळलं.

"अहो, मामंजी असते तर?" मुनीरा म्हणाली. "लाज कशी वाटत नाही?"

"शेजारचा अबू दुहैम एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. तू गपचूप खजूर काढ."

तो दबक्या हाताने कुटू लागला. तरीही खणखणीत नाद घुमला. दचकून त्याने हात थांबवला. नाद थांबला नाही.

दारात म्हातारा अबू दुहैम उभा होता. "आलो रे बाबा! किती दिवसांनी बोलावलंस!" मग तो बाजूला सरला आणि मागच्या रिकाम्या गल्लीकडे वळून अदबीने म्हणाला, "या, आधी तुम्ही."

भिंतीलगतच्या गाद्या एकेक करून दबत गेल्या. मुनीराने मान खाली घालून पेले मांडायला घेतले.

शेवटी चुलीजवळची गादी दबली. बाप गेल्यापासून तिथे कुणी बसत नसे. तेव्हा कुठे नाद थांबला.

मुतलकने घाईघाईने कातडं पाठीमागे लपवलं.