लाथेआधीची टाळी

लाथ बसायच्या आधीच टाळी पडली. निशिगंधाने वहीत आठवी रेघ मारली.

पडद्यावर जग संपून साठ वर्षं झाली होती. उरलीसुरली माणसं विषारी हवेपासून वाचायला तोंडावर मुखवटे चढवून फिरत होती आणि 'भस्मयुग २'चा नायक त्यांना नुसत्या हातापायांनी लोळवत होता. माना मोडत होत्या, बरगड्या फुटत होत्या. त्यात नवं काही नव्हतं. नवल होतं ते भाईंदर पूर्वेच्या या थिएटरात. एखादा मुखवटेवाला कोपऱ्यातून नुसता डोकावला, की मागच्या दोन रांगांतून टाळ्या-शिट्ट्या सुरू. मग तो मरायचा. पहिल्या दिवसाचा पहिला खेळ. पुढचा कोण मरणार, हे या लोकांना आधीच कसं कळत होतं?

निशिगंधा एका दैनिकात चित्रपटांवर लिहायची. पहिल्या भागाच्या वेळी तिने 'प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं' असं छापलं. आठवड्याभरात उघड झालं, की ते प्रेक्षक निर्मात्याने भरून आणले होते. वाचकांनी तिची टर उडवली. पुन्हा असं झालं तर पाणीकपातीच्या बातम्या लिहायच्या, एवढंच संपादक म्हणाले. म्हणून या वेळी पत्रकारांसाठीचा खेळ सोडून ती तिकीट काढून इथे येऊन बसली होती. आणि इथेही तेच.

शिवाय नायकासाठी एक टाळी नाही. त्याचा चेहरा पडदाभर आला तरी नाही. ज्याने कोणी यांना पढवलंय त्याने धड पढवलंही नाही, असं तिच्या मनात आलं.

मध्यंतर झालं. मोबाइलवर मजकूर तयार होता, मथळाही: 'भाड्याच्या टाळ्या, भाग दुसरा'. पण एका माणसाकडून खात्री केल्याशिवाय काही पाठवायचं नाही, ही तिची शिस्त. ती उठून मागे गेली. कडेच्या खुर्चीत अबोलीचा गजरा माळलेली एक कोळीण बसली होती. शांताबाई, वरसाव्याच्या. निशिगंधाने सहज विचारल्यासारखं विचारलं. हो, सगळी आळी टेम्पो करून आली होती. हो, तिकिटं सिनेमावाल्यांनीच दिली होती. निशिगंधाचा अंगठा मोबाइलवर सरकला.

"मावशी, टाळी कधी वाजवायची ते कोणी शिकवलं तुम्हाला?"

"त्यात शिकवायचं काय? मुखवटा घातला तरी चालीवरनं वळकतंय की आपलं मानूस."

रांगेतली तगडी माणसं हसली. एकाने आपली मान चोळून दाखवली, दुसऱ्याने बरगडीवर बोट ठेवलं. शांताबाईंच्या शेजारचा दाढीवाला तेवढा खाली बघून वडापाव खात राहिला. त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. हा आपला थोरला, म्हणाल्या.

निशिगंधाने मथळा पुसला आणि त्याचं नाव विचारलं.

"प्रीतम. पयल्या भागात मेल्यावर पापणी हलवलीन यानं, सगल्या वरसाव्यात हसं झालं आमचं," शांताबाई म्हणाल्या. "आज बग, कसा नीट मेला."