थोरलीचा मान

सासूबाईंनी शेवटच्या घटकेला चांदीची दोन्ही कडी आपल्या हातांनी धाकटीच्या उजव्या मनगटात चढवली होती. महिना होतो न होतो, तोच थोरल्या जाऊबाई भर दुपारी दारात उभ्या राहिल्या.

"मान थोरलीचा असतो. मुकाट्याने उतरव."

धाकटीने शिलाई मशीन थांबवलं. साबण लावून कडी उतरवली आणि पुढ्यात ठेवली.

"न्या. पण देवाघरी सेवा बघतात हो, वय नाही. वर्षभर आई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा हे दार तुम्हाला सापडलं नव्हतं."

जाऊबाईंनी कडी घातली आणि त्या वळल्या. धाकटीने कापड सरकवायला हात उचलला.

छन्न.

"दुसरी जोडी लपवलीस!" जाऊबाईंनी तिच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. हात रिकामे होते. मशीनचा खण उपसला, तर त्यात नुसती रिळं आणि बटणं. धाकटीने कपाळावरची बट मागे सारली.

छन्न.

तेव्हा कुठे जाऊबाईंनी आपला हात हलवून पाहिला. कड्यावर कडं आपटलं, पण आवाज झाला नाही. त्यांनी मेजावर जोरात तळहात मारला. कात्री जागची उडाली, तरी आवाज नाही.

त्या कडी ओढू लागल्या. कडी हलेनात. घाबरून त्यांनी तोंड उघडलं, ओठ भराभर हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या.

धाकटीने साबणाची वडी उचलली आणि शांतपणे खणात टाकली.

"जरा मोठ्याने बोला, जाऊबाई," ती म्हणाली. "मान तुमचा आहे."